वही भरते, पण डोक्यात काय राहतं? विज्ञानाच्या नोट्स अशा काढा

दहावीच्या मुलाची विज्ञानाची वही उघडून बघा. गाइडमधून उतरवलेली पानंच्या पानं, वर हायलायटरच्या पिवळ्या-गुलाबी रेघा. वही मिटून विचारा, ‘तारे का लुकलुकतात?’ बहुतेक वेळा गप्प. मेहनत केलेली असते, पण ती नुसत्या हाताची.

यावर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात तो सुरू केला, म्हणून त्याला ‘कॉर्नेल पद्धत’ म्हणतात. पानावर डावीकडे अडीच इंच सोडून उभी रेघ मारा, खाली दोन इंच सोडून आडवी. वर्गात शिकवणं सुरू असताना फक्त उजव्या मोठ्या भागात लिहायचं, तेही आपल्या तुटक शब्दांत. डावा भाग कोरा. घरी आल्यावर, त्याच दिवशी, तिथे प्रश्न लिहायचे आणि तळाशी पानाचा सारांश दोन ओळींत.

‘प्रकाशाचे अपवर्तन’ घ्या. उजवीकडे लिहिलं: ‘हवेतून पाण्यात – वेग कमी – किरण स्तंभिकेकडे झुकतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३.’ शेजारी आकृती. डावीकडे प्रश्न: ‘किरण कुठे झुकतो, का?’ ‘अपवर्तनांकाला एकक का नाही?’ (दोन वेगांचं गुणोत्तर आहे म्हणून.) ‘मशिदीत वजूच्या हौदाचा तळ वर आल्यासारखा का दिसतो?’ असा स्वतःचा एक तरी प्रश्न हवाच. खरा अभ्यास तो प्रश्न सुचताना होतो.

आता अम्मी-अब्बूंचं काम. तुम्हाला विज्ञान येत नसलं तरी चालेल. उजवा भाग दुसऱ्या वहीने झाका, डावीकडचे प्रश्न वाचा, मुलाला मोठ्याने उत्तर देऊ द्या, मग उघडून ताडून बघा. रोज दहा मिनिटं पुरेत. तेच पान आठवड्याने पुन्हा विचारा. आकृती असेल तर नावं झाकून विचारा.

घरात उर्दू किंवा दखनी बोलत असाल तर उजवीकडचं स्पष्टीकरण त्या भाषेत लिहिलं तरी हरकत नाही. मात्र पारिभाषिक शब्द परीक्षेच्या माध्यमातलेच लिहा, सेमी-इंग्रजीवाल्यांनी तर नक्कीच. ऐन पेपरात भाषांतर करायला वेळ मिळत नाही.

उदाहरणं सोडवण्याचा सराव यातून होत नाही. त्यासाठी वेगळी वही ठेवा आणि गणित उत्तर न बघता सोडवा.