तारखांचं दशक

जुलै 2025 मध्ये विधानसभेने आणि पाठोपाठ दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संघटना बेकायदा ठरवायची आणि तिच्याशी नातं जोडून माणसाला सात वर्षांपर्यंत आत ठेवायचं, अशी त्यातली सोय. मुंबई-पुण्यात त्यावर बोललं गेलं. आमच्या मुर्री गावात आणि गोंदियात टपरीवरही साधी चर्चा झाली नाही. मला ते लागलं, कारण अशाच आरोपांचा एक मोठा खटला गोंदियाच्या सत्र न्यायालयात चालला होता आणि त्याचा निकालही इथेच लागला होता.

1 मे 1999 ला भंडारा तोडून गोंदिया जिल्हा झाला. कलेक्टर आले, एसपी आले, पाट्या बदलल्या. पुढची सात-आठ वर्षं कोर्टाच्या बातम्या म्हणजे शेताच्या धुऱ्याची भांडणं, मोहाची दारू, चोऱ्या. त्यात सांगण्यासारखं फार नाही. एक गोष्ट मात्र तेव्हापासूनची: जिल्हा आला, तुरुंग आला नाही. गोंदियाचा कच्चा कैदी भंडाऱ्याला जायचा, आणि खटला मोठा असला तर नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात.

याचा अर्थ मुंबईच्या माणसाला कळणार नाही. मुर्रीतल्या एका आईचा मुलगा मारामारीच्या प्रकरणात भंडाऱ्याला होता. ती धानाच्या रोवणीची मजुरी बुडवून सकाळची पॅसेंजर धरायची, वरठीला भंडारा रोड स्टेशनवर उतरायची, तिथून शेअर ऑटोने गावात. कारागृहाबाहेर आधार कार्ड हातात धरून रांग. मग काही मिनिटांची मुलाखत, मध्ये जाळी, दोन्हीकडून दहा माणसं एकाच वेळी ओरडतायत. कच्च्या कैद्याला कपडे घरचे, म्हणून पिशवीत शर्ट-पँट. कॅन्टीनसाठी खात्यावर टाकायला थोडे पैसे. आतला दिवस तिने मला सांगितला तो मुलाच्या तोंडून ऐकलेला. उजाडताच गिनती, मग बराकीची कुलपं उघडतात. दुपारचं जेवण दहा-अकरालाच. संध्याकाळची भाकर-भाजी ऊन असतानाच ताटात पडते, आणि दिवस मावळण्याआधी बंदी. रात्री भूक लागेल तेव्हा थंड झालेलं खायचं. पुढचे बारा तास छताकडे बघायचं.

पण तिला जाचायची ती तारीख. मुलगा गोंदियाच्या कोर्टात येणार म्हणून ती सकाळपासून व्हरांड्यात बसायची. एकदा संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, “गार्ड नाही म्हंते बापा. पुढची तारीख देल्ली.” आरोपीला आणायला पोलीस नाहीत, या एका कारणाने किती खटले किती महिने अडले हे त्या काळात त्या व्हरांड्यात बसलेल्या कुणालाही विचारा. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडून आलेले आदिवासी बाप तर कुणाला विचारायचं हेही न कळता उभे राहायचे. तेंदूपत्त्याच्या हंगामात त्यांना येताच यायचं नाही.

मी ज्या दशकाबद्दल लिहितो आहे ते 2007 ते 2017. 2008 च्या डिसेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा (यूएपीए) कडक झाला. आरोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत, आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. मे 2007 मध्ये नक्षलवादी असल्याच्या आरोपावरून नागपुरात अटक झालेले कार्यकर्ते अरुण फरेरा एकामागून एक खटल्यांत सुटत गेले, आणि सप्टेंबर 2011 मध्ये सुटकेच्या दिवशी कारागृहाच्या दारातच त्यांना पुन्हा उचललं गेलं. अखेर जानेवारी 2012 मध्ये ते बाहेर आले.

त्याच काळात आमच्या कोर्टात सुधीर ढवळेंचा खटला आला. ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक, खैरलांजीच्या दलित हत्याकांडानंतर रस्त्यावर उतरलेले कार्यकर्ते. 2 जानेवारी 2011 ला वर्धा रेल्वे स्टेशनवर गोंदिया पोलिसांनी त्यांना अटक केली. एका साहित्य संमेलनासाठी ते वर्ध्याला आले होते. राजद्रोह आणि यूएपीए. घरातून नेली ती पुस्तकं. खैरलांजी आमच्याच जुन्या भंडारा जिल्ह्यातली, मोहाडी तालुक्यातली. तिथल्या भोतमांगे कुटुंबासाठी बोलणारा माणूस गोंदियाच्या कोर्टात देशद्रोही म्हणून उभा केला जातोय, हे बघताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांपैकी एकानेही तेव्हा तोंड उघडलं नाही. मी ज्या वर्तमानपत्रासाठी कोर्टाच्या बातम्या करायचो त्याने ही अटक पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापली. मे 2014 मध्ये गोंदियाच्या सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत गेली. मी भांडलो. मला सांगण्यात आलं की वाचकांना त्यात रस नाही. चाळीस महिने कोठडीत काढलेल्या माणसाची निर्दोषता चार ओळींत संपते, हा राग माझा आजही गेलेला नाही.

दशकाच्या शेवटी, 7 मार्च 2017 ला, शेजारच्या गडचिरोलीत प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांना यूएपीएखालीच शिक्षा झाली. त्यांच्यासोबतचा पांडू नरोटे, एटापल्लीकडचा आदिवासी तरुण, 25 ऑगस्ट 2022 ला नागपूरच्या कैदेतच स्वाइन फ्लूने गेला. ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका थांबवली. 5 मार्च 2024 ला उच्च न्यायालयात ते निर्दोष ठरले. साईबाबा बाहेर आले आणि सुमारे सात महिन्यांत वारले.

आणि ढवळे? 6 जून 2018 ला भीमा कोरेगाव हिंसाचाराच्या प्रकरणात पुन्हा अटक. फरेराही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. त्याच ऑगस्टमध्ये विधी आयोगाने आपल्या 277 व्या अहवालात सुचवलं की चुकीच्या खटल्यात भरडलेल्याला भरपाई मिळण्याची तरतूद कायद्यात करा. 1 जुलै 2024 पासून नवी फौजदारी संहिता लागू झाली; तीत ही तरतूद नाही. पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याचं कलम तीत आहे, ते चांगलंच आहे. पण त्यातच लिहिलंय की एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. ज्याच्यावर खटल्यांवर खटले चढवायचे त्याच्यासाठी दार आधीच लावून ठेवलं आहे. आपल्या देशाच्या तुरुंगांत चार कैद्यांतले तीन कच्चे आहेत.

ढवळे जानेवारी 2025 मध्ये जामिनावर सुटले, कारण साडेसहा वर्षांत खटला सुरूच झाला नव्हता. दोन खेपा मिळून सुमारे दहा वर्षं त्यांनी आत काढली. या दहा वर्षांत त्यांच्यावरचा पूर्ण चालून निकाल लागलेला खटला एकच, आणि तो गोंदियाचा.

म्हणून जिल्ह्यातल्या वकिलांना माझं मागणं आहे. 2014 चा तो निकाल सोप्या मराठीत आणा, छापा, कॉलेजांत वाटा, सालेकसा-देवरीच्या बाजारात वाचून दाखवा, आणि जनसुरक्षा कायद्याखाली गोंदियात पहिली अटक होईल तेव्हा न्यायाधीशांपुढे ठेवा. निकाल सार्वजनिक आहे. अर्ज करून शुल्क भरलं की प्रमाणित नक्कल मिळते.