काटा, फॅन आणि एक तार

जालना-भोकरदन रस्त्यावर राजूरला मी गाड्यांची वायरिंग करायला बसलो, त्याला पस्तीसेक वर्षं होत आली. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनाला गर्दी लोटते, रस्त्यावर वाहनांची रांग लागते आणि भरलेले ट्रक पहिल्या गिअरवर मुंगीसारखे सरकतात. गाडी पळत असली की समोरचा वारा रेडिएटर सांभाळून घेतो. रांगेत मात्र सगळी भिस्त फॅनवर. उन्हाळ्यात जालन्याची सळई भरून आलेली किती वाहनं माझ्या दारात उकळली, त्याचा हिशेब नाही.

सुरुवातीला या दुखण्यात वायरमनला काम नव्हतं. टाटाची 1210 काय किंवा लेलँडची कॉमेट काय, पट्टा फिरला की फॅन फिरला. थंडीत पहाटे इंजिन लवकर तापावं म्हणून क्लीनर रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचे. तोच त्या काळचा स्विच. गरज नसताना फिरणारा तो पंखा डिझेल खायचा. फॅनचा वेग दुप्पट झाला की त्याला फिरवायला लागणारी ताकद आठपट होते, हे गणित मला फार उशिरा कळलं. ड्रायव्हरांना ते चढावर पायाखाली आधीच कळत होतं.

मग व्हिस्कस फॅन आले. आत सिलिकॉनचं घट्ट तेल, पुढे दोन धातूंची पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, तेलाला वाट मिळते आणि फॅन पकड घेतो. फार सुंदर कल्पना आहे ही, तार नाही की फ्यूज नाही. पण वय झालं की तेल गळतं, फॅन घसरतो आणि गाडी नेमकी चढावर दगा देते. जळगावहून परतताना फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढताना काटा लाल पट्ट्यात गेला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या फॅनला हात लावला की तो सैल फिरायचा. मिस्त्री लोक बोल्ट मारून तो ‘डायरेक्ट’ करून द्यायचे. गाडी थंड राहायची, ॲव्हरेज पडायचं.

विजेचं कॉइल असलेले फॅनक्लच आणि छोट्या गाड्यांचे इलेक्ट्रिक फॅन आले, तसा माझा धंदा सुरू झाला. रेडिएटरवरचा थर्मोस्विच बिघडला की मालक म्हणायचा, “केबिनमध्ये एक बटण देऊन टाका, पोरगं दाबेल.” मीही दिली तशी बटणं. थर्मोस्विच काढून टाकला आणि बॅटरीची तार सरळ डॅशबोर्डवर नेली. एका गाडीचा ड्रायव्हर चहा पिऊन निघाला आणि बटण दाबायचं विसरला. भोकरदनपर्यंत काटा त्याने पाहिलाच नाही. हेड वाकलं. दुसऱ्या गाडीत तार चेसिसला घासून कापली. मी फ्यूज दिला नव्हता. डॅशबोर्डमागून जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि ड्रायव्हरने बॅटरीची तार हिसडून काढली म्हणून केबिन वाचली. ती काळी पडलेली, वितळून गोळा झालेली तार मी अजून दुकानात खिळ्याला टांगून ठेवली आहे. चूक माझी होती.

त्यानंतर पद्धत बदलली. रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरी, पण बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज. 87 वरून फॅन किंवा क्लचचं कॉइल. 86 ला इग्निशनचा करंट, म्हणजे चावी काढली की सगळं बंद. राहिली 85. तिला थर्मोस्विचमधून अर्थ मिळतो. त्या अर्थच्या तारेला बाजूने दुसरी तार जोडायची, ती केबिनमधल्या स्विचवर न्यायची आणि स्विचचं दुसरं टोक बॉडीला. इंजिन तापलं तर थर्मोस्विच फॅन लावणार. घाट समोर दिसला किंवा रांग लागली तर ड्रायव्हर आधीच लावणार. ड्रायव्हर विसरला तरी थर्मोस्विच जागा असतो. केबिनपर्यंत फक्त रिलेचा किरकोळ करंट येतो, जाड तार पुढेच राहते. क्लचच्या कॉइलला डायोडही लावायचा, नाहीतर करंट तुटताना उसळणारा झटका रिलेचे पॉइंट जाळतो. दीड-दोन तासांचं काम आहे. मालकाला ते जास्त वाटायचं, पण या जोडणीची एकही गाडी फॅनसाठी दुसऱ्यांदा माझ्याकडे आली नाही.

2017 ला बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आल्यावर बऱ्याच मोठ्या गाड्यांत फॅन इसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, ताब्यात गेला. इंजिन किती तापलंय, एसीचा दाब किती आहे हे पाहून किती टक्के फिरवायचा ते तो ठरवतो. तिथे हार्नेस कापून तार जोडली की फॉल्ट कोड येतो, गाडी ताकद कमी करते आणि वॉरंटीचा वाद वेगळाच. अशा गाडीला मी स्विच बसवत नाही. आधी कनेक्टर उघडून पाहतो. निम्म्या वेळा पिनेवर हिरवट गंज असतो, तो साफ केला की गाडी सुधारते. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. ड्रायव्हरला ते कधीच मिळायला हवं होतं. पण एसीचा कंडेन्सर बहुधा रेडिएटरपुढेच असतो, म्हणजे फॅनवर भार वाढला.

जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत, आणि बटण बसवून देणारेही. तुमच्या गाडीत कुणी तसं बटण बसवत असेल तर तार जोडण्याआधी त्याला एकच विचारा: या बटणाने फॅन बंद ठेवता येईल का? तो “हो” म्हणाला, तर गाडीला हात लावू देऊ नका.