मुलाकडे कायमचं राहायला जाताना

आजचा विषय आहे परदेशी कायमचं राहायला निघालेल्या आईचा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत शिकायला गेली, नोकरीला लागली, पुढे तिथली नागरिक झाली. आता ती म्हणते, आई, तू इकडेच ये. आईच्या पासपोर्टची मुदत मात्र संपत आलेली असते. मग आधी पासपोर्ट करायचा की आधी व्हिसा? आणि तिथं उतरल्यावर साहेब काय विचारतो? याच दोन प्रश्नांबद्दल बोलू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आईवडिलांना कायमचं बोलवायला मुलगा तिथला नागरिक असावा लागतो आणि त्याला २१ वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला आईला असं बोलावता येत नाही. या कायमच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत होते. म्हणजे तुम्ही साताऱ्याच्या असा की सिंधुदुर्गाच्या, मुंबई चुकत नाही. गिरण्यांच्या काळापासून आपल्या प्रत्येक गावाचं कोणी ना कोणी लालबाग-परळला आहेच. दादरला उतरायचं आणि त्यांच्या खोलीवर मुक्काम करायचा, ही वाट आपल्याला नवीन नाही.

आता खरी गाठ सांगते. ती पासपोर्टाच्या मुदतीत नसते, नावात असते. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. माहेरची सुमन सासरी लक्ष्मी होते. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कोणी सुमन लावलं, कोणी लक्ष्मी. शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. आधारवर आडनाव सासरचं, बँकेच्या पुस्तकात आद्याक्षरं. गावात याचं कोणाला काही वाटत नाही, कारण सगळे तुम्हाला ओळखतात. वकिलातीच्या खिडकीमागच्या माणसाला मात्र कागदावरून ठरवायचं असतं की समोर बसलेली बाई याच मुलाची आई आहे.

म्हणून पहिलं काम हे. घरातले सगळे कागद चटईवर मांडा आणि प्रत्येकावरचं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचा. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. नावच वेगळं असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घेणं बरं. हे राजपत्र छापणारं शासकीय मुद्रणालय गिरगावात, चर्नी रोडला आहे. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी गिरगावला हेलपाटा घालायची गरज नाही. आणि लग्न झालं म्हणून पासपोर्टावर सासरचं नाव लावलंच पाहिजे, असा कायदा नाही. ज्या नावावर तुमचे जास्तीत जास्त कागद जुळतात तेच नाव ठेवा. मला विचाराल तर त्यात मानापमान आणू नये.

जुन्या पिढीतल्या बायांची जन्मनोंद बहुतेक वेळा नसतेच. अशा वेळी नोंद उपलब्ध नाही असा दाखला ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून घ्यायचा. त्याला जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातलगांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. मामा-मावशी हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.

नाव ठरलं की पासपोर्ट. आपण नूतनीकरण म्हणतो, पण अर्जावर शब्द असतो रीइश्यू, कारण नवं पुस्तक मिळतं आणि नंबरही नवा. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. छत्तीस पानी पुस्तकाला साधी फी १५०० रुपये, तातडीचं म्हणजे तत्काळ हवं असेल तर वर २००० रुपये. फी अर्ज भरतानाच सरकारी संकेतस्थळावर भरायची असते. त्याच्यासारखी दिसणारी खोटी संकेतस्थळंही आहेत, ती जास्त पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना, ते भरणाऱ्या पोराला बघायला सांगा.

जून २०१८ पासून देशात कुठूनही पासपोर्टचा अर्ज करता येतो. त्यामुळे गावची बाईसुद्धा लोअर परळच्या पासपोर्ट सेवा केंद्रात वेळ घेऊ शकते. मात्र पोलीस चौकशी अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर होते आणि पासपोर्टही पोस्टानं तिथंच येतो. भावाच्या लालबागच्या खोलीवर आठ दिवस उतरलात म्हणून तो पत्ता लिहिलात, तर पोलीस तिथं येतील आणि तुम्ही गावी असाल. राहता तोच पत्ता लिहा. मुंबईला यायचं नसेल तर २०१७ पासून अनेक ठिकाणच्या मोठ्या पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आहेत, तिथं चौकशी करा. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतात. तो जपून ठेवा, आधीच्या जाण्यायेण्याचे शिक्के त्यातच असतात.

दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टावर ईसीआर असा शेरा येऊ शकतो. त्याला घाबरू नका. तो ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे आणि अमेरिका त्यांत नाही.

पासपोर्ट आधी करायचा, याचं कारण असं. व्हिसाच्या अर्जात पासपोर्टचा नंबर लिहावा लागतो. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो, तो पासपोर्ट ऑफिसमार्फतच मिळतो, फी ५०० रुपये, आणि त्यावरही हाच नंबर असतो. जुन्या नंबरावर सगळं भरलं आणि मध्येच पुस्तक बदललं, तर दुरुस्त्यांचं शेपूट लागतं. शिवाय अमेरिकेत पोहोचायच्या दिवसानंतर निदान सहा महिने तरी पासपोर्ट चालू असावा लागतो.

मुलाखतीला मराठीत बोलायचं असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. व्हिसा मिळाला की तो साधारण सहा महिन्यांत वापरायचा असतो. काहींना बंद लिफाफा देतात. तो फोडायचा नाही, उतरल्यावर तसाच द्यायचा. ग्रीन कार्ड छापण्याची वेगळी फी ऑनलाइन भरावी लागते, एप्रिल २०२४ पासून ती २३५ डॉलर आहे.

उतरल्यावर तपासणी होते ती अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर. मुलाच्या गावाला दुसरं विमान धरायचं असलं तरी सगळं तिथंच. म्हणून पासपोर्ट, लिफाफा आणि मुलाचा पत्ता-फोन हातातल्या पिशवीत हवा, मोठ्या बॅगेत नको. साहेब विचारतो ते प्रश्न साधे असतात. कोणाकडे चाललात, कुठं राहणार, किती रोख रक्कम आहे, खाण्याचं काय आणलंय. सगळ्या कुटुंबाकडं मिळून दहा हजार डॉलरच्या वर रोकड असेल तर ती लिहून द्यावी लागते. नेणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे. खाण्याचं तसंच. ताजी फळं, कढीपत्त्याच्या काड्या, परसातलं बियाणं नेऊ नका. बाकी मसाला, पापड जे असेल ते विचारल्यावर सगळं सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, न सांगितलेली सापडली तर दंड होतो. भाषा कळली नाही तर मान डोलावू नका, दुभाषा मागा.

पासपोर्टावर शिक्का बसला की त्या व्हिसावर एक वर्ष कायमची रहिवासी म्हणून चालतं. कार्ड मागाहून पोस्टानं येतं.

यापुढचा भाग नीट ऐका, कारण पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळच्या उतरण्यात आईची जास्त कोंडी होते. नातवंड वर्षाचं झालं की गावची ओढ लागते. आई परत येते, पेरणी होते, कोणाचं लग्न निघतं, दिवस जातात. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर परतल्यावर विचारतात, तुम्ही खरंच इथं राहता का? वर्षाच्या वर राहिलात तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. जास्त दिवस राहायचं ठरलेलं असेल तर निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, री-एंट्री परमिटचा अर्ज करायचा. ते साधारण दोन वर्षांचं मिळतं. आणि विमानतळावर कोणी आय-४०७ नावाचा कागद पुढे केला तर मुलाशी किंवा वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. त्या सहीनं तुम्ही आपणहून कायमचं राहणं सोडता. सही नाकारून न्यायाधीशापुढे म्हणणं मांडायचा तुम्हाला हक्क आहे.

लग्न होऊन जाणाऱ्या लेकीसाठीही थोडं सांगते. तिथं पोहोचताना नागरिक नवऱ्याशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर तिचं कार्ड दोनच वर्षांचं असतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवराबायकोनं मिळून अर्ज करायचा. नवरा मारहाण करत असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर पुरावे जोडून तिला एकटीलाही तो करता येतो. हे तिला निघण्याआधी सांगा, आणि पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवायला सांगा. परदेशातल्या नवऱ्यांविरुद्धच्या तक्रारी राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष घेतो.

शेवटचा प्रश्न बायका हमखास विचारतात. ग्रीन कार्ड घेतलं की जमीन जाते का? नाही. तुम्ही भारताच्याच नागरिक राहता, पासपोर्ट भारताचाच राहतो. सातबाऱ्यावरचं नाव तसंच राहतं, वारसानं आलेली शेती ठेवता येते. तिकडे कायमचं राहू लागल्यावर इथं नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढंच. पासपोर्टची मुदत तिथं असताना संपली तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत नवा मिळतो. तेव्हाही अर्जात नाव लिहायचं ते जुन्या पासपोर्टावर आहे तस्संच, अक्षराला अक्षर.