गेममधले गुप्त पंथ आणि बीड जिल्ह्यातले खरे



आजच्या विषयाचं नाव वाचून समोर दोन प्रकारचे श्रोते आलेले दिसतात. एक, ज्यांना गेम माहीत आहे पण महानुभाव पंथ माहीत नाही. दुसरे, जे पांचाळेश्वरला वर्षानुवर्षं जात आले आहेत, पण गेम म्हणजे पोरांचे डोळे बिघडवायचं साधन एवढंच ज्यांना ठाऊक आहे. दोघांनीही आज एकमेकांना थोडं सांभाळून घ्या.

आधी गेम. ‘क्रुसेडर किंग्ज २’ हा संगणकावरचा डावपेचांचा खेळ स्वीडनमधल्या पॅराडॉक्स या कंपनीने २०१२ साली काढला. यात आपण राज्य म्हणून खेळत नाही, एका घराण्यातला माणूस म्हणून खेळतो. लग्नं लावायची, वारस तयार करायचा, चुलत्याची गादी हिसकावायची, आणि मेलो की मुलाच्या रूपाने पुढे चालू. भाऊबंदकीचा एवढा बारकाईने केलेला खेळ दुसरा नसेल, त्यामुळे आपल्या लोकांना तो समजायला जड जात नाही. नकाशात भारत आला २०१४ मध्ये. आणि ७ मार्च २०१७ रोजी ‘मंक्स अँड मिस्टिक्स’ नावाची जोड आली, तिच्यातून हे गुप्त पंथ आले.

ते चालतात कसे? आपलं पात्र एखाद्या पंथात प्रवेश मागतं. घेतलं, की सगळ्यात खालची पायरी. एकूण पायऱ्या चार. पंथाने सांगितलेली कामं करायची, त्यातून गुण साठतात, ते खर्च करून शक्ती वापरायच्या. मठवासी साधूंचे संप्रदाय आहेत, तिथे सद्गुण वाढतात. किमयागार आणि ज्योतिषी यांचा हर्मेटिक पंथ आहे. शिया पात्रांसाठी हशाशिन, म्हणजे गुप्त मारेकऱ्यांचा पंथ आहे. आणि सैतानाची पूजा करणारे आहेत. ते माणसं पळवतात, शाप देतात, कैद्यांचा बळी देऊन काळी शक्ती कमावतात. उघडकीला आले तर तुरुंग किंवा चिता.

आता यातलं खरं किती? हशाशिन खरे. हसन-ए-सब्बाहने १०९० मध्ये इराणमधला अलमूतचा किल्ला घेतला आणि १२५६ मध्ये मंगोलांनी तो घेईपर्यंत निझारी इस्माइली लोकांची ती राजधानी होती. नशेतल्या तरुणांच्या कथा मात्र त्यांच्या शत्रूंनी आणि प्रवाशांनी रंगवलेल्या. हर्मेटिक ग्रंथ खरे, पण त्यांचा मुख्य संग्रह मार्सिलिओ फिचिनोने फ्लॉरेन्समध्ये लॅटिनमध्ये आणला तो १४६३ च्या सुमारास. गेम १४५३ लाच संपतो. म्हणजे पायऱ्या आणि पदं असलेला मध्ययुगीन हर्मेटिक पंथ ही गेमवाल्यांची कल्पना. चांगली कल्पना आहे, माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती सैतानपूजकांबद्दल. मध्ययुगीन युरोपात सैतानपूजेची अशी संघटना होती याला पुरावा नाही. आरोप मात्र भरपूर होते. सगळ्यात गाजलेलं प्रकरण टेम्पलर सरदारांचं. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने ते एका दिवसात पकडले. राजा त्यांचा कर्जदार होता, हे जाता जाता लक्षात ठेवा. क्रुसावर थुंकता, मूर्तीला भजता, असे आरोप ठेवले, छळ केला, आणि छळाखाली लोकांनी हो म्हटलं. त्यातल्या ५४ जणांना १३१० मध्ये पॅरिसजवळ एका दिवसात जाळलं. १३१२ मध्ये पोपने तो पंथच मोडला. आता गेम काय करतो? तो त्या आरोपाला वस्तुस्थिती करून टाकतो. त्याच्या जगात सैतानपूजक खरोखर आहेत, शाप खरोखर लागतो, त्यामुळे जाळणारा राजा बरोबर ठरतो. अलौकिक घटना बंद ठेवायची सोय गेमच्या नियमांत आहे. पण किती जण ती वापरतात? मजा तर त्यातच आहे.

हे मी बीडमध्ये का सांगतोय? कारण अमक्या बाईने करणी केली, तमक्याच्या घरात चेटूक आहे, हे शब्द आपल्याकडे अजून चालतात आणि त्यातून माणसं मार खातात, गाव सोडतात. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याच्या अनुसूचीत एक कलम असं आहे: एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, तिच्यामुळे रोगराई येते, असं भासवून तिचं जगणं कठीण करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. बघा, कायदा आरोप करणाऱ्याला धरतो. गेममध्ये नेमकं उलटं आहे. गेम खेळणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो, की खेळा, पण पडद्यावरचा हा फरक ओळखून खेळा.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. गूढ आणि गुप्त या दोन्ही गोष्टींत बीड श्रीमंत आहे. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे ११८८ चा मानतात, आणि ते स्वतःची परंपरा आदिनाथापर्यंत नेतात. त्यांच्या काळाबद्दल आणि स्थळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. आष्टी तालुक्यात सावरगावला मायंबा, मच्छिंद्रनाथांची समाधी. पाटोदा तालुक्यात गहिनीनाथ गड. आणि गेवराई तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर, महानुभावांचं आत्मतीर्थ, जिथे दत्तात्रेय प्रभू दुपारचं भोजन घेतात अशी श्रद्धा आहे. यातली दोन ठिकाणं मला आज घ्यायची आहेत: गहिनीनाथ गड आणि पांचाळेश्वर. सकाळी निघालात तर मोटारसायकलवर एका दिवसात दोन्ही होतात.

नाथपंथ हा गेमवाल्यांच्या अपेक्षेतला पंथ. गुरू शिष्याच्या कानात मंत्र सांगतो. साधना कुणालाही सांगायची नाही. शरीरातली कुंडलिनी, सिद्धी, रसायन, सगळं आहे. शक्ती आणि अस्त्रं हवी असतील तर १८१९ साली मालूने रचलेला ‘नवनाथ भक्तिसार’ काढा. त्याचे चाळीस अध्याय आपल्याकडे घरोघर पारायणाला लावतात. शाबरी विद्या आहे, वाताकर्षण अस्त्र आहे. एकाने अग्नी सोडायचा, दुसऱ्याने पाऊस पाडायचा. कुठला गेम डिझायनर याहून जास्त काय करणार? माझ्या आजीच्या पिढीला या शक्तींची यादी तोंडपाठ होती.

पण याच परंपरेत एक गोष्ट घडली. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, अशी कथा आहे. निवृत्तिनाथांनी तो धाकट्या भावाला दिला. आणि त्या भावाने, ज्ञानेश्वरांनी, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० ला, नेवाशात बसून तो भर सभेत मराठीत सांगून टाकला. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचा. मूळ गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं नावसुद्धा नाही. ज्ञानेश्वर तिथे थांबतात, कुंडलिनी कशी जागी होते, देहाचं काय होतं हे सविस्तर सांगतात, आणि ही नाथांकडची खूण आहे हेही सांगतात. अठराव्या अध्यायात तर आदिनाथापासून निवृत्तिनाथांपर्यंत गुरूंची सगळी साखळी जाहीर करतात. गेममध्ये पंथाचं गुपित फोडणारा सदस्य संपतो. इथे गुपित फोडलं आणि त्यातून पंढरीच्या वारीत शतकानुशतकं गायला जाणारा ग्रंथ उभा राहिला. तरी नाथपंथ मोडला नाही. गहिनीनाथ गडावर आजही गर्दी असते.

आता पांचाळेश्वर. महानुभावांची गोष्ट बरोबर उलट्या दिशेने जाते, आणि म्हणूनच मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे, पण बोलले मराठीत. कुणाशी? शेतकऱ्यांशी, विधवांशी, वाटेत भेटेल त्याच्याशी. रिद्धपूरचे गोविंदप्रभू त्यांचे गुरू. बोलणं उघड्यावर, झाडाखाली, देवळाच्या ओवरीत. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या. १२७८ च्या सुमाराचं ते ‘लीळाचरित्र’, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. पुढे केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण संस्कृत झालं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. यापेक्षा उघडा पंथ कोणता दाखवाल?

आणि याच पंथाने पुढच्या शतकात आपले ग्रंथ कुलपात घातले. यादवांचं राज्य बुडालं होतं, धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाली आणि आठवणीतून पुन्हा लिहावी लागली असं परंपरा सांगते. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी तयार केली असं मानतात. नंतर सुंदरी लिपी आणि अशा कितीतरी लिप्या वेगवेगळ्या शाखांनी काढल्या.

सांकेतिक लिपी म्हणजे काय, ते माझ्या एका बनावट उदाहरणाने सांगतो. समजा आपण ठरवलं, ‘क’ च्या जागी ‘म’ लिहायचा, ‘म’ च्या जागी ‘क’, आणि ‘ळ’ च्या जागी ‘र’. आता ‘कमळ’ लिहा. काय झालं? ‘मकर’. कमळाची मगर झाली! किल्ली नसलेला माणूस मगरीचा अर्थ लावत बसेल. सकळ लिपीत तत्त्व हेच, अक्षराची अदलाबदल; नियम अर्थातच जास्त आणि पक्के. आतली भाषा शुद्ध मराठी, फक्त बाहेरच्याला वाचता येऊ नये.

का केलं असेल? अभ्यासक कारणं देतात: शास्त्राचं पावित्र्य राखायचं होतं, पाठात कुणी ढवळाढवळ करू नये असं वाटत होतं, विरोधकांच्या हाती ग्रंथ पडायला नको होते. मला यात भीतीचा वाटा मोठा वाटतो. वर्णाश्रम न मानणारा, स्त्रियांना संन्यास देणारा, इतर देवदेवता न पुजणारा हा पंथ होता. ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांना झालेल्या विरोधाच्या हकीकती आहेतच. गेममध्ये माणूस शक्ती मिळावी म्हणून गुप्त होतो. इथे माणसं शिल्लक राहावं म्हणून गुप्त झाली.

लिपीने काम चोख केलं. पंथ पंजाबात गेला, तिथे त्याला जयकृष्णी म्हणतात. पेशावर-काबूलपर्यंत मठ झाले, आणि तिथेही मराठी पोथ्या नकलून ठेवल्या गेल्या. विचार करा, काबूलमध्ये तेराव्या शतकातली मराठी! पण त्याची किंमतही मोजावी लागली. पोथी बंद, त्यात साधूंची वस्त्रं काळी, मग बाहेरच्यांनी वाटेल ते रचलं. गोड बोलून आत भलतंच ठेवणाऱ्याला आपण मराठीत ‘मानभावी’ म्हणतो. हा शब्द ‘महानुभाव’वरूनच आला. पोथीत काय लिहिलंय हे न वाचता एका सबंध पंथावर भाषेने हा शिक्का मारला. टेम्पलरांसारखी चिता आपल्याकडे पेटली नाही, शब्दकोशात मात्र नोंद झाली.

दुसरी किंमत मराठी साहित्याने मोजली. एकोणिसाव्या शतकात मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहायला सुरुवात झाली तेव्हा लिहिणाऱ्यांच्या यादीत हे गद्य जवळजवळ नव्हतंच. पोथ्या मठांत होत्या, वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी लिपीची उकल केली, वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त हे वाङ्मय लोकांपुढे ठेवलं, आणि पंथातल्या काही महंतांनी स्वतःच कपाटं उघडली. ती फार धाडसाची गोष्ट होती. पंथात त्याला विरोधही झाला. ह. ना. नेने यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ भागाभागाने छापलं. महाइंभटांच्या गद्याला छापखाना पाहायला साडेसहाशे वर्षं लागली.

म्हणून मला गेमच्या त्या मांडणीत एक उणीव दिसते. तिथे पंथ जन्मतःच गुप्त किंवा जन्मतःच उघडा असतो, आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. आपल्याकडे, एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना, एक पंथ कानातून सभेत आला आणि दुसरा ओवरीतून कपाटात गेला, दोन्ही जवळपास एकाच शतकात. २०२० मध्ये ‘क्रुसेडर किंग्ज ३’ आला, त्यात या पंथांची जागा माणसामाणसाच्या गुपितांनी घेतली: कुणाचं गुपित कळलं की त्याच्यावर दाब आणता येतो. हे जास्त खरं आहे. पण भीतीने आपली पोथी झाकणारा समाज त्यातही अजून नाही. समोर बसलेल्यांपैकी कुणी संगणक शिकत असेल आणि या गेमसाठी स्वतःचा बदल लिहिणार असेल, तर त्याने पांचाळेश्वरपासून सुरुवात करावी.

प्रश्न आला आहे की सकळ लिपी आज शिकता येते का. येते. लिपीचे तक्ते छापलेले आहेत, पंथातले अभ्यासक शिकवतात, विद्यापीठांतून यावर प्रबंध झालेले आहेत. मूळ पोथी पाहायची असेल तर मठात आधी विचारून जा, आणि दाखवणाऱ्याने हात लावू नका म्हटलं तर लावू नका.