तहानेच्या मापावर पिकणारी मोसंबी

डिसेंबरात जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीकडे गेलात, तर मोसंबीच्या चांगल्या बागा कोमेजलेल्या दिसतील. पाने फिकी पडलेली, बरीचशी गळून बुंध्याशी साचलेली. विहिरीत पाणी असते, शेतकऱ्यानेच ते तोडलेले असते. याला ताण देणे म्हणतात. मध्यम-भारी जमिनीत दीड-दोन महिने ताण बसला, की जानेवारीत खत घालून हलके पाणी सोडायचे. मग झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. हाच आंबिया बहार. त्याची फळे ऑगस्ट-सप्टेंबरपासून उतरू लागतात.

मराठवाड्यातली थंडी या झाडाला पुरती विश्रांती देत नाही. ताण दिला नाही, तर फूल वर्षभर तुटक-तुटक येत राहते आणि एकही बहार धड हाती लागत नाही.

लिंबूवर्गीय झाडांच्या या प्रजातीचे, म्हणजे सिट्रसचे, माहेर मात्र ओल्या डोंगरांत आहे. पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनच्या युनानचा पश्चिम भाग असा तो पट्टा. तिथून 60 ते 80 लाख वर्षांपूर्वी तिच्या शाखा पसरल्या, असे 2018 साली 'नेचर'मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. काही जाती थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्या. मोसंबी स्वतः रानातली नव्हे, तिच्या पूर्वजांत पपनस आणि संत्रावर्गीय फळ यांचा संकर आहे.

अशा झाडाला कोरड्या मुलखात उभे करायचे, तर पाय दुसऱ्याचे द्यावे लागतात. रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात, जमिनीपासून वीतभर उंचीवर. लागवड करताना हा सांधा मातीत गेला, की बुरशी शिरते आणि साल तडकून डिंक पाझरू लागतो. म्हणून एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट बुंध्याला लावतात. 

2016 साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा अभिमान आहेच. पण 2012-13च्या दुष्काळात याच जिल्ह्यात बागाच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घालूनही कित्येक वाचल्या नाहीत. ताण शेतकऱ्याच्या हातात असतो, दुष्काळ नसतो. फळाला यायला पाच-सहा वर्षे घेणारी बाग एका उन्हाळ्यात सरपण होते. मानांकनाने फळाला नाव दिले. आता नव्या लागवडीआधी शेततळ्याला पैसा मिळाला पाहिजे.