प्रौढांमधील रात्रीची मूत्रगळती : कारणे व व्यवस्थापन

रात्री व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकामुळे मूत्रपिंडे कमी मूत्र तयार करतात. तसे झाले नाही, मूत्राशय अतिक्रियाशील असले किंवा ते भरूनही जाग आली नाही, तर अंथरूण ओले होते. हा आळस नव्हे. वसतिगृहात लपवत बसण्यापेक्षा कारण शोधा.

तीन दिवस पाणी पिण्याच्या व लघवीच्या वेळा आणि प्रमाण लिहून ठेवा. दिवसा पुरेसे पाणी प्या. झोपण्यापूर्वीचे दोन तास टाळा. संध्याकाळी चहा-कॉफी नको. गादीवर मेणकापड घाला, शोषक पॅड वापरा, सकाळी त्वचा धुऊन कोरडी करा.

गळती नव्याने सुरू झाली असल्यास मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता व झोपेतील श्वासरोध यांची तपासणी करून घ्या. डेस्मोप्रेसिन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या; त्यावर जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते.