अवरोधक पेप्टाइड आणि यकृतातील एक विकर : प्रतिपिंडाच्या साक्षीची मर्यादा

प्रस्तावना

यकृतपेशींच्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांमध्ये, कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज-१ हे विकर विपुल प्रमाणात आढळते. क्रेब्ज व हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या युरिया चक्रात अमोनियाचा प्रवेश याच विकराच्या द्वारे होतो. त्यात जन्मजात दोष असल्यास नवजात अर्भकाच्या रक्तात अमोनिया साचून मेंदूस गंभीर इजा पोहोचते. म्हणूनच एखाद्या ऊतीत हे विकर आहे किंवा नाही, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. संशोधक तो बहुधा प्रतिपिंडाच्या साहाय्याने सोडवितो. परंतु प्रतिपिंडाने दिलेली साक्ष खरी कशावरून?

अवरोधक पेप्टाइडचे कार्य

ज्या अमिनो आम्लशृंखलेविरुद्ध प्रतिपिंड तयार केलेले असते, तीच साधारणतः दहा ते वीस अमिनो आम्लांची शृंखला कृत्रिमरीत्या बनविली की अवरोधक पेप्टाइड मिळते. ते विकराच्या कार्यात अडथळा आणत नाही. ‘अवरोधक’ या शब्दामुळे विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. अवरोध होतो तो प्रतिपिंडाचा.

प्रयोगात प्रतिपिंडाच्या विरल द्रावणाचे दोन समान भाग करतात. एका भागात वजनाने सुमारे पाचपट पेप्टाइड मिसळून ते काही काळ ठेवतात. पेप्टाइडचा रेणू प्रतिपिंडाच्या तुलनेत अतिशय लहान असल्याने रेणुसंख्येच्या दृष्टीने हे प्रमाण शेकडो पट भरते आणि प्रतिपिंडाच्या बंधनजागा आधीच व्यापल्या जातात. त्यानंतर एकाच नमुन्याच्या दोन वेस्टर्न ब्लॉट पटलांवर हे दोन्ही भाग स्वतंत्रपणे वापरतात. पहिल्या पटलावर सुमारे १६० किलोडाल्टन येथे दिसणारा पट्टा दुसऱ्यावर नाहीसा झाला, तर तो बंधनजागेमार्फतच उमटला होता असे म्हणता येते. जो पट्टा कायम राहतो, तो बहुधा दुय्यम प्रतिपिंडाचा किंवा अविशिष्ट चिकटण्याचा परिणाम असतो.

मर्यादा

पट्टा नाहीसा झाला म्हणून तो त्याच विकराचा होता, असे मात्र सिद्ध होत नाही. समान शृंखलाखंड असलेले दुसरे प्रथिन त्याच बंधनजागेस चिकटत असेल, तर पेप्टाइडमुळे त्याचाही पट्टा पुसला जाईल. प्रस्तुत विकराच्या बाबतीत ही शंका काल्पनिक नव्हे. पेशीद्रवातील ‘कॅड’ या बहुकार्यी प्रथिनात त्याच्याशी रचनासाम्य असलेला भाग आहे.

‘हेप पार १’ या प्रतिपिंडाचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले हे प्रतिपिंड यकृताच्या अर्बुदांच्या निदानासाठी जगभर वापरले गेले. पण ते नेमके कशास चिकटते, हे अनेक वर्षे अज्ञात होते. यकृताच्याच ऊतीविरुद्ध ते घडविलेले असल्याने त्याची ज्ञात शृंखला नव्हती. अर्थात अवरोधक पेप्टाइड बनविणेही शक्य नव्हते. २००८ मध्ये प्रतिरक्षा-अवक्षेपण व वस्तुमान वर्णपटमिती यांच्या साहाय्याने त्याचे लक्ष्य कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज-१ असल्याचे उघड झाले. लहान आतड्याच्या अंतःस्तरातही हे प्रतिपिंड रंग का दाखविते, याचा उलगडाही त्यामुळे झाला : तेथेही हेच विकर असते.

प्रतिपिंडांच्या प्रमाणीकरणासाठी एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१६ मध्ये सुचविलेल्या पाच मार्गांत पेप्टाइड-अवरोधाचा समावेश नाही. संबंधित जनुक निष्क्रिय केलेल्या पेशी, तसेच विकराच्या दुसऱ्याच भागास चिकटणारे स्वतंत्र प्रतिपिंड, यांची साक्ष अधिक बळकट मानली जाते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत अशा पेशी मिळणे कठीण असले, तरी यकृताच्या जोडीला हे विकर जवळजवळ नसलेल्या स्नायूचा नमुना त्याच पटलावर घेणे सहज शक्य आहे. असंबंधित शृंखलेच्या पेप्टाइडने पट्टा पुसला जात नाही ना, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.